नवे कोच, नवा सीझन: आमच्या बास्केटबॉल संघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये आमचं सांगलीचं कॉलेज सुरू झालं, नव्या सरांनी जिमखान्याच्या दारावर प्रॅक्टिसचं वेळापत्रक लावलं आणि तेव्हापासून माझ्या फोनला उसंत नाही. मुलं विचारतात, त्यांच्या घरचे विचारतात आणि कॉलेज सोडून गेलेले दादा-ताई तर सगळ्यात जास्त विचारतात. मी याच संघातून खेळले, आता मॅनेजर म्हणून कागदपत्रं, किट आणि प्रवास बघते. डावपेच सरांचे, पण रोज कोर्टच्या कडेला उभी असते, तेव्हा दिसतं ते सांगू शकते. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

नव्या सरांनी आल्या आल्या काय बदललं?

डोळ्यांत भरेल असं काही नाही, आणि अनेकांची तक्रार नेमकी तीच आहे. जर्सी जुनीच आहे, कोर्टही तेच सिमेंटचं.

बदलली ती प्रॅक्टिस. पूर्वी दोन राऊंड पळून झाले की पाच-पाच जणांची मॅच लागायची आणि अंधार पडेपर्यंत चालायची. मजा यायची, नाही कशाला म्हणू? आता मॅच शेवटी, तीही थोडा वेळ. त्याआधी पळता पळता दोन पायांवर थांबणं, पिव्हट (जमिनीवर रोवलेला पाय) न उचलता वळणं, दोन्ही हातांनी पास, डिफेन्समध्ये कंबर खाली ठेवून सरकणं. हे शाळेतलं आहे असं थर्ड इयरची मुलं कुरकुरत म्हणाली. मग सरांनी त्यांना डाव्या हाताने ले-अप (पळत जाऊन रिंगजवळून मारायचा शॉट) मारायला लावले. कुरकुर त्या दिवशीच थांबली.

दुसरा बदल बाकावरचा. सरावाच्या मॅचमध्ये सर बाराच्या बारा जणांना खेळवतात, अगदी चुरशीच्या वेळीसुद्धा. बघणाऱ्यांना याचा राग येतो. त्यावर पुढे लिहिलं आहे.

सीझन कधी सुरू होतो आणि कुठवर जातो?

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे येतात. आधी आपल्या विभागातल्या कॉलेजांशी सामने होतात, म्हणजे झोनल. तिथून वर आलेले संघ इंटरझोनल खेळतात. त्यात जे चमकतात त्यांच्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. ‘युनिव्हर्सिटी खेळला’ असं आपण म्हणतो ते हे. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे वरचा नंबर लागला तर अखिल भारतीय स्पर्धा, आणि तिथून पहिल्या आठांना खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स. त्या गेम्स २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्यांदा झाल्या. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव वेगळा, त्यातही बास्केटबॉल असतो.

तारखा विद्यापीठाच्या परिपत्रकातून कळतात. परिपत्रक येण्याआधी मला तारीख विचारू नका, मी अंदाजपंचे सांगणार नाही. एकदा सांगितली की लोक लग्नाची तिकिटं काढतात.

म्हणजे झोनलला पहिलीच मॅच हरलो तर वर्ष संपलं?

सामने बाद पद्धतीने असतील तर हो. चाळीस मिनिटं, आणि संपलं. जूनपासून घाम गाळलेला मुलगा एका दुपारी हरून घरी जातो आणि पुढची अधिकृत मॅच थेट पुढच्या वर्षी.

नव्या कोचबद्दल बोलताना लोक नेमकं हे विसरतात. आमचा सीझन म्हणजे मुख्यतः प्रॅक्टिस आणि मैत्रीपूर्ण सामने. स्पर्धेचे दिवस हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यामुळे सर चांगले की वाईट हे झोनलच्या एका निकालावरून ठरवणं मला पटत नाही. ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत गतविजेते समोर आले तर सरांनी काय करायचं? त्यापेक्षा जुलैतली मैत्रीपूर्ण मॅच आणि सप्टेंबरमधली मॅच शेजारी ठेवा. तिसऱ्या क्वार्टरला आपली मुलं अजून डिफेन्सला परत पळतायत का ते बघा. जुलैत चालत होती.

म्हणूनच सरांनी यंदा मैत्रीपूर्ण सामन्यांचा सपाटा लावला आहे. मिरज, इचलकरंजी, कराड, जिथे कोर्ट आणि संघ मिळेल तिथे. प्रवासखर्चाचं गणित मांडताना माझा जीव जातो, पण सर बरोबर आहेत.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मॅच बघतो. आपल्याकडे तसं का नाही?

तिथल्या पहिल्या श्रेणीतल्या कॉलेज संघाला एका सीझनमध्ये साधारण तीस सामने मिळतात, तेही मार्चमधली मोठी बाद स्पर्धा सुरू होण्याआधी. त्या स्पर्धेत पुरुषांचे ६८ संघ असतात. कोच हा तिथे पूर्ण वेळ, भरपूर पगाराचा पेशा आहे. आपल्याकडे बरेच कोच दिवसा दुसरं काम करून संध्याकाळी शिट्टी गळ्यात घालतात. तुलना करायचीच असेल तर इथपासून करा.

नियमही थोडे वेगळे आहेत. त्यांच्या मुलांच्या मॅचमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन भाग आणि ३० सेकंदांचं शॉट क्लॉक असतं, म्हणजे बॉल हाती आल्यापासून तेवढ्या वेळात शॉट मारायचा. आपण आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो: दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, २४ सेकंद, आणि आक्रमणात रिबाऊंड (रिंगला लागून परत आलेला बॉल) पुन्हा आपल्याच हाती आला तर १४ सेकंद. तिकडचे व्हिडिओ बघून सेकंद घालवायची सवय लागली की इकडे शिट्टी वाजते.

एक गोष्ट मात्र तिकडची जरूर लक्षात ठेवा. जॉन वूडन यूसीएलए या विद्यापीठात १९४८ मध्ये कोच म्हणून आले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद त्यांना १९६४ मध्ये मिळालं. त्यानंतर १९७५ पर्यंत त्यांच्या संघाने एकूण दहा विजेतेपदं मिळवली. सोळा वर्षं थांबा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे सोळा आठवडेही कोणी थांबत नाही.

माझा मुलगा गेल्या वर्षी कॅप्टन होता. यंदा पहिल्या पाचात नाही. असं का?

हा प्रश्न फोनवर येतो तेव्हा आवाज चढलेला असतो, म्हणून उत्तर शांतपणे लिहिते.

पहिल्या पाचांत असणं आणि महत्त्वाचा असणं, या दोन गोष्टी सर वेगळ्या मानतात. तुमचा मुलगा अनुभवी आहे. पहिल्या क्वार्टरला तो बाकावरून समोरच्या संघाचा खेळ वाचतो: कोण फक्त उजवीकडून जातो, कोणाचा बाहेरचा शॉट लागत नाही. मग दुसऱ्या क्वार्टरला ताज्या पायांनी उतरतो. शिवाय पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू मॅचमधून बाहेर जातो. गेल्या वर्षी तो चौथ्या क्वार्टरला बाहेर बसलेला असायचा, कारण पहिल्याच क्वार्टरला उत्साहात दोन-तीन फाउल करून घ्यायचा. आता शेवटची पाच मिनिटं तो कोर्टवर असतो. मॅच तिथे ठरते.

आणि हो, प्रॅक्टिसला उशीर हे दुसरं कारण आहे. ते त्याने घरी सांगितलं नसेल.

काका-काकू, यावर सरांशी जरूर बोला, पण मॅच संपल्या संपल्या नको. दुसऱ्या दिवशी जिमखान्यात या. सर चहा पाजतात आणि वही काढून दाखवतात.

कसली वही?

प्रत्येक मॅचला बाकावरचा एक जण त्या वहीत लिहीत बसतो. पॉइंट नाही लिहायचे, ते गुणपत्रकावर असतातच. कोणी किती वेळा बॉल घालवला, कोणी रिबाऊंडला आपल्या माणसाला पाठीने अडवलं, कोणी मोकळ्या सोबत्याला पास दिला, हे लिहायचं. ज्याच्या नावावर कमी पॉइंट असतात तो पुष्कळदा या वहीत वर असतो. आधी मुलांना ती शिक्षा वाटायची. आता मॅच संपली की वहीभोवती घोळका होतो.

झोन सोडून मॅन टू मॅन का? आपण कायम २-३ झोन खेळायचो.

माजी खेळाडूंचा सगळ्यात आवडता वाद. जरा सविस्तर लिहिते.

२-३ झोनमध्ये दोघं पुढे, तिघं रिंगजवळ, प्रत्येकाने आपली जागा सांभाळायची. मॅन टू मॅनमध्ये प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरायचा. झोनचे फायदे उघड आहेत: दम कमी लागतो, फाउल कमी होतात आणि रिंगखाली गर्दी झाल्यामुळे उंच खेळाडूला आत जागा मिळत नाही. आपल्या भागात बाहेरून शॉट मारणारे कमी होते तोवर झोन फार चालला. तीन पॉइंटची रेषा ६.७५ मीटरवर आहे आणि तिथून भरवशाने मारणारा मुलगा पूर्वी क्वचित दिसायचा. आता दिसतो. मुलं मोबाईलवर बघून तेच करत असतात. समोर असे दोन शूटर असले की कोपऱ्यातून शॉट पडायला लागतात आणि झोनमधला माणूस तिथे पोहोचेपर्यंत बॉल जाळीत असतो.

दुसरं कारण शिकवण्याचं आहे, आणि मला तेच जास्त पटतं. झोनमध्ये चूक कोणाची हे लपतं. ‘तुझी जागा होती’, ‘नाही, तुझी’ असं म्हणत पाचही जण सुटतात. मॅन टू मॅनमध्ये तुझा माणूस तुला ओलांडून गेला तर सगळ्या कोर्टला दिसतं. त्यामुळे पाय हलायला लागतात. सरांचं म्हणणं असं की मॅन टू मॅन नीट येणारा मुलगा झोन आठवड्यात शिकतो. झोनवर वाढलेल्याला मॅन टू मॅन शिकवायला वर्ष जातं. विद्यापीठाच्या निवडीलाही उपयोग होतो, कारण एकट्याने माणूस धरता येतो की नाही हे निवडणाऱ्यांना लगेच दिसतं.

याची किंमतही आहे. स्क्रीन लावून, म्हणजे वाटेत उभं राहून, आपल्या मुलाला अडकवलं की समोरचा खेळाडू मोकळा सुटतो आणि मदतीला कोण येणार यावर आरडाओरडा होतो. म्हणजे व्हायलाच हवा. बोलल्याशिवाय हा डिफेन्स चालत नाही. आमची मुलं वर्गाबाहेर अखंड बोलतात आणि कोर्टवर मुकी होतात, हे सरांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

झोन अगदी टाकून दिलेला नाही. फाउल वाढले किंवा समोरच्याची लय तोडायची असली की दोन-तीन वेळा लावतात.

आधीचे सर काय वाईट होते?

मुळीच नाही. कोर्टचं सिमेंट त्यांनी ऑफिसच्या मागे लागून लागून करून घेतलं. रिंगला जाळी नव्हती तेव्हा स्वतःच्या खिशातून आणली. आम्हाला ‘खेळा’ म्हणणारे ते पहिलेच. नवे सर आल्यावर पहिल्यांदा या जुन्या सरांना भेटायला त्यांच्या घरी गेले, हे फार जणांना माहीत नाही. दोघांची तुलना करून कोणी मला विचारलं की मी फोन ठेवते.

पावसाळ्यात प्रॅक्टिस होते का?

होते, पण पावसाच्या लहरीवर. ओल्या सिमेंटवर खेळायला सरांची सक्त मनाई आहे. कारण सर वळून थांबायचा सराव घेतात, आणि ओल्या फरशीवर नेमका त्यातच पाय जातो. पाऊस उघडला की मुलं खराट्याने पाणी काढतात, गोणपाट टाकून कोर्ट टिपतात आणि अर्ध्या तासात उभी राहतात. पाऊस थांबलाच नाही तर हॉल. तिथे रिंग नाही, म्हणून पायांचं काम, पासिंग, पोट-पाठीचे व्यायाम आणि मागच्या मॅचचं मोबाईलवर केलेलं शूटिंग बघणं.

कृष्णेचं पाणी चढायला लागलं की प्रॅक्टिस बंद. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोक्याची पातळी. ते आकडे सांगलीकराला पाठ असतात. नदीकाठच्या भागातली मुलं तेव्हा घरातलं सामान वरच्या मजल्यावर नेत असतात, त्यांना हजेरी विचारायची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या महिन्यात बास्केटबॉल हा शब्दही कोणी काढला नाही.

ओल्या मोज्यांचं एक सांगते. ओला मोजा म्हणजे टाचेला फोड आणि आठवडाभर लंगडणं. वूडन म्हणे पहिल्याच दिवशी खेळाडूंना मोजे घालायला शिकवायचे, एकही सुरकुती राहू नये म्हणून. आमचे सर शिकवत नाहीत, पण कोरड्या मोज्यांचा जादा जोड नसेल तर उतरू देत नाहीत.

मी तासगावकडून एसटीने येतो. सकाळची प्रॅक्टिस कशी जमणार?

सकाळचं सत्र फिटनेसचं असतं. बाहेरगावच्या मुलांना सरांनी ते घरच्या घरी करायची सवलत दिली आहे. काय करायचं ते लिहून देतात. संध्याकाळचं सत्र चुकवायचं नाही. शेवटची सोयीची गाडी चुकणार असेल तर मला आधी सांग, सर दहा मिनिटं आधी सोडतात. न सांगता पळून गेलास तर माझा इलाज नाही.

घरी करतोय की नाही हे कळतं का? दोन आठवड्यांत कळतं.

माझी उंची कमी आहे. येऊ का?

ये. रिंग सगळ्यांनाच ३.०५ मीटरवर आहे, खरं. पण मगसी बोग्स हा ५ फूट ३ इंचांचा माणूस एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये चौदा सीझन खेळला. बॉल आणणारा, पास देणारा, समोरच्याच्या हातातून बॉल काढून घेणारा खेळाडू आमच्याकडे नेहमी कमीच असतो.

मी बारावीत आहे. कॉलेजच्या संघातून खेळता येईल का?

प्रॅक्टिसला येता येईल, मॅच नाही. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा असतात, १९ वर्षांखालील गटात. विद्यापीठाच्या स्पर्धा सीनिअर कॉलेजच्या मुलांसाठी.

सिलेक्शन झाल्यावर कोणती कागदपत्रं लागतात?

पात्रता अर्ज, बोनाफाईड, दहावी-बारावीचं मार्कलिस्ट, चालू वर्षाची फी पावती, ओळखपत्र, फोटो. नियमित, पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी हवा आणि वयाची अट असते. २५ ओलांडलेल्यांनी आधी मला भेटा. एका शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही, तेव्हा मधेच कॉलेज बदललेल्यांनीही भेटा.

नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच ठेवा. दर वर्षी कोणाचं तरी आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं निघतं आणि स्पर्धेच्या सकाळी मी झेरॉक्सच्या दुकानात उभी असते.

मॅचला थोडा उशीर झाला तर?

वेळेनंतर पंधरा मिनिटांत पाच खेळाडू कोर्टवर उभे राहू शकले नाहीत तर मॅच जाते. निकाल २०-० असा लागतो. म्हणून आमची गाडी वेळेआधी निघते, आणि कोणाची चहाची टपरी लागली म्हणून थांबत नाही.

मुलींच्या संघालाही हेच सर आहेत का? घरी परतायला उशीर होईल का?

हो, हेच सर. आणि यंदा कोर्ट आधी मुलींना मिळतं, मग मुलांना. अंधार पडायच्या आत मुली मोकळ्या होतात. बाहेरगावच्या मॅचला मी सोबत असते, प्रत्येकीच्या घरी निघताना आणि पोहोचल्यावर फोन होतो. स्मृती मानधना ज्या सांगलीत वाढली तिथे ‘मुलीला ग्राऊंडवर पाठवू का’ हा प्रश्न अजून येतो, याचं मला नवल वाटतं. पण येतो, आणि मी दर वेळी उत्तर देते. बास्केटबॉलमधलं नाव हवं असेल तर पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली.

खेळाच्या दृष्टीने फरक दोनच. मुलींचा बॉल ६ नंबरचा असतो, मुलांचा ७. आणि गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा बंध फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. म्हणून उडी मारून उतरताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, पार्श्वभाग मागे नेऊन मऊ उतरायचं, हे सर रोज वॉर्म-अपमध्येच करून घेतात. मुलींना ते कंटाळवाणं वाटतं. ऑपरेशन झालं तर सहा-नऊ महिने बाहेर बसावं लागतं, ते जास्त कंटाळवाणं आहे.

घोटा मुरगळला तर काय करायचं?

आपल्याकडे आधी तेल लावून चोळतात. कृपा करून ताज्या सुजेला चोळू नका आणि शेकूही नका. खेळ थांबवा, पाय वर घ्या, कापडात गुंडाळून बर्फ लावा, क्रेप बँडेज बांधा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढा. मिरज शेजारी आहे, हाडांच्या डॉक्टरांना तोटा नाही. दुखणं थांबलं म्हणून लगेच खेळायला उभं राहायचं नाही. एका पायावर तोल सांभाळता आला आणि उड्या मारता आल्या की मग परत.

खायचं काय? पावडर घ्यावी का?

सर पावडरीच्या विरोधात नाहीत, पण आधी घरचं ताट बघा म्हणतात. भाकरी, उसळ, दही, अंडी खाणाऱ्याला तेवढं पुरतं. प्रॅक्टिसच्या आधी केळं किंवा मूठभर बेदाणे, नंतर शेंगदाणे-गूळ. बेदाणे तर आपल्याच जिल्ह्यातले. तासगावची मुलं खिसे भरून आणतात आणि सगळा संघ त्यावर जगतो. बाटलीत मीठ-साखर-लिंबाचं पाणी.

मॅचच्या आधी भडंग नको. कितीही आवडलं तरी नको. तिखट आणि पळणं जमत नाही. जिंकून आल्यावर खा, मलाही द्या.

समोरचा संघ सलग दहा पॉइंट मारतो तरी सर टाइम आऊट का घेत नाहीत?

पहिल्या दोन क्वार्टरला मिळून दोन टाइम आऊट मिळतात, नंतरच्या दोनला तीन. पहिल्या भागातले उरले तर पुढे नेता येत नाहीत. शेवटच्या दोन मिनिटांत तीनपैकी जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. म्हणजे साठवून ठेवण्यालाही मर्यादा आहे, हे सरांना माहीत आहे.

तरी ते थांबतात, कारण मुलांनी आपली आपण गाडी रुळावर आणावी असं त्यांना वाटतं. मैत्रीपूर्ण सामन्यात तर जवळजवळ घेतच नाहीत. हे मला कधी कधी जास्तच ताणल्यासारखं वाटतं. जुलैत एका मॅचला पोरं पार गोंधळली होती, मिनिटभर बसवून पाणी पाजलं असतं तर बिघडलं नसतं. मी सरांना म्हटलंही. ते हसले. पुढच्या मॅचला घेतला.

आणि गॅलरीतून ‘टाइम आऊट, टाइम आऊट’ ओरडून उपयोग नाही. तो मागण्याचा हक्क फक्त मुख्य कोच आणि पहिल्या सहायक कोचला असतो. खेळाडूलाही नाही.

रेफ्रीचा निर्णय चुकला तर सर भांडत का नाहीत?

कोचच्या स्वतःच्या वागण्याबद्दल दोन टेक्निकल फाउल लागले की त्यांना कोर्ट सोडून जावं लागतं. शिवाय प्रत्येक टेक्निकलला समोरच्याला एक फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचा शॉट) फुकट. आणि पाहुण्यांनो, बाकाच्या मागे उभं राहून रेफ्रीला बोलू नका. त्याने संघाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

फ्री थ्रोवर एवढा वेळ का घालवतात?

बोर्डापासून ४.६० मीटर, कोणी अडवणारं नाही, आणि तरी आपण मॅचमागून मॅच तिथेच घालवतो. क्वार्टरमध्ये समोरच्या संघाचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलला साधारणपणे आपल्याला दोन फ्री थ्रो मिळतात. चुरशीच्या मॅचमध्ये हे आयते मिळणारे पॉइंट आहेत. सर ते दमलेल्या पायांनी मारायला लावतात: पळण्याच्या फेऱ्या, लगेच दोन शॉट, पुन्हा पळणं. ताज्यातवान्या हाताने दहातले आठ घालणारा दमल्यावर किती घालतो ते बघायला एकदा या. चेहरे बघण्यासारखे असतात.

सर्टिफिकेटचा नोकरीला उपयोग होतो का?

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण झोनलच्या सर्टिफिकेटवर ते मिळत नाही. कोणत्या पदाला कोणत्या स्तराची कामगिरी लागते हे शासन निर्णयात दिलेलं असतं आणि क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. फक्त नोकरीसाठी खेळायला येणारा मुलगा ऑगस्टपर्यंत टिकत नाही, असा माझा अनुभव.

कोणते बूट घेऊ? स्वतःचा बॉल लागतो का?

घोट्याला नीट धरणारे, जाड रबरी तळाचे. सिमेंट तळ खातं, त्यामुळे महाग बूट घेऊन ते इथे झिजवण्यात अर्थ नाही. चांगले बूट असतील तर स्पर्धेसाठी जपून ठेवा. बॉल कॉलेजचे आहेत. घरी ड्रिबलिंगसाठी घ्यायचाच असेल तर रबरी घ्या, चामड्याचा बॉल उघड्यावर महिन्यात सोलवटतो.

माजी खेळाडूंनी प्रॅक्टिस बघायला आलं तर चालेल का?

बघायला नको, खेळायला या. सरावासाठी तगडा संघ मिळत नाही ही आमची खरी अडचण आहे. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला माजी विरुद्ध आत्ताचे अशी मॅच लागते. बूट आणा, मोज्यांचे दोन जोड आणा, आणि आमच्या वेळी कसं होतं ते मॅच संपल्यावर सांगा. साडेपाच म्हणजे साडेपाच. पावणेसहाला आलेल्या एका दादाला सरांनी गुणलेखनाला बसवलं होतं, त्याच्या पोटाकडे बघून नव्हे, घड्याळाकडे बघून.